एव्हरेस्ट : चित्रपटाच्या फिल्मवर टिपलेले संगीत

जुन्या एलपींच्या ढिगात ‘एव्हरेस्ट’ या अमेरिकन कंपनीची तबकडी निघाली, की एखादा संग्राहक ती स्वस्तातला माल म्हणून बाजूला सारतो, तर दुसरा मुकाट्याने पिशवीत टाकतो. गंमत अशी, की दोघेही बरोबर असू शकतात. या एकाच नावाखाली अत्युत्तम आणि अगदी सुमार अशा दोन्ही प्रकारच्या तबकड्या विकल्या गेल्या आहेत.

हॅरी बेलॉक यांनी १९५८ साली न्यूयॉर्कमध्ये ही कंपनी काढली. बेलॉक हे मूळचे उपकरणनिर्माते. ध्वनिमुद्रणाची बाजू बर्ट व्हाइट सांभाळत. स्टिरिओ तबकड्या त्याच सुमारास बाजारात येत होत्या. सुरुवातीची मुद्रणे नेहमीच्या चुंबकीय फितीवर झाली. पुढे कंपनीने चित्रपटसृष्टीत वापरली जाणारी ३५ मिलिमीटर रुंदीची चुंबकीय फिल्म स्वीकारली. तीन स्वतंत्र ध्वनिपट्ट्यांसाठी एरवी अर्धा इंच रुंदीची फीत वापरत. फिल्मची रुंदी त्याच्या पावणेतीनपट होती. पट्टी रुंद झाल्याने खरखर घटली. फिल्म जाड असल्याने गुंडाळीतील एका थराचा आवाज शेजारच्या थरावर उमटण्याचा दोषही कमी झाला. फितीवर पुष्कळदा मोठा स्वर येण्याआधीच त्याचा पुसट पडसाद ऐकू येतो, तो यामुळेच. शिवाय कडेच्या छिद्रांत दातेरी चाक अडकत असल्याने फिल्म एकसारख्या गतीने सरके. पियानोचा लांबलेला स्वर थरथरत नाही, याचे श्रेय या साध्या यांत्रिक व्यवस्थेला द्यावे लागते.

कंपनीची निवडही धाडसी होती. राल्फ वॉन विल्यम्स या इंग्रज संगीतरचनाकाराच्या नवव्या सिंफनीचे पहिले ध्वनिमुद्रण एव्हरेस्टने केले. २६ ऑगस्ट १९५८ रोजी लंडनमध्ये वाद्यवृंद जमला. मुद्रणाला स्वतः रचनाकार उपस्थित राहणार होते. त्याच पहाटे त्यांचे निधन झाले. तरीही मुद्रण पार पडले, आणि वाद्यवृंदसंचालक सर एड्रियन बोल्ट यांचे त्या प्रसंगाचे छोटे निवेदनही जतन झाले.

हा खर्चिक उद्योग फार काळ चालला नाही. बेलॉक यांनी हात आखडता घेतला आणि कंपनी दुसऱ्यांच्या हाती गेली. यापुढच्या काळात निकृष्ट दाबाईच्या, स्वस्त पुनरावृत्त्यांनी बाजार भरला. जुन्या एकमार्गी मुद्रणांना कृत्रिम स्टिरिओचा मुलामाही चढवला गेला. एव्हरेस्टची बदनामी झाली ती यामुळे. फिल्मवर मुद्रण करणारी यंत्रे मात्र न्यूयॉर्कमधील ध्वनिमुद्रणतज्ज्ञ रॉबर्ट फाइन यांच्याकडे गेली. ‘मर्क्युरी’ आणि ‘कमांड’ या कंपन्यांनीही १९६१ पासून हे तंत्र वापरले. त्याच वर्षीची, कार्नेगी हॉलमध्ये मुद्रित झालेली एनॉक लाइट यांची ‘स्टिरिओ ३५/एमएम’ ही कमांडची तबकडी तेव्हा प्रचंड खपली. हलकेफुलके वाद्यसंगीत म्हणून आज तिच्याकडे कुणी फारसे वळत नाही. ध्वनीसाठी मात्र ती अवश्य ऐकावी.

मूळ फिल्मवरून पुढे सीडीही निघाल्या. पण अ‍ॅसिटेटची फिल्म कालांतराने आकसते, वाकते आणि तिला व्हिनेगरसारखा आंबूस वास सुटतो. मास्टर ताजा असताना कापलेल्या पहिल्या आवृत्तीच्या तबकड्यांचे मोल म्हणूनच वेगळे आहे. केवळ वेष्टन पाहून आवृत्ती ठरवू नये. मधल्या लेबलाचा रंग आणि लेबलालगतच्या कोऱ्या कडेवर कोरलेली अक्षरे उजेडात तिरकी धरून वाचावीत.