बंदराजवळचा एक जुना खटला

मुंबईहून गोव्यास सहकुटुंब समुद्रमार्गे जाण्याची हौस अलीकडे पुन्हा बळावली आहे. 2018 साली भाऊच्या धक्क्यावरून ‘आंग्रीया’ नावाची पर्यटक बोट सुरू झाली. पुढे ती सेवा बंद पडली. 2021 पासून ‘एम्प्रेस’ नावाचे मोठे जहाज मुंबईहून निघू लागले. 1990 साली पाश्चात्य प्रवाशांसाठी बांधलेल्या या जहाजावर पोहण्याचा तलाव आहे, मुलांच्या खेळांची सोय आहे, संध्याकाळी नाचगाण्यांचा कार्यक्रम असतो. आमच्या आधीच्या पिढीची बोट निराळी होती. ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ति’ यांच्या डेकवर ज्याने आधी पथारी पसरली त्याची जागा, एवढाच तेथला कायदा. रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरे घेत सकाळी निघालेली बोट दुसऱ्या दिवशी सकाळी पणजीला लागे. आणि गोव्याबाहेर वसलेले कित्येक कुळावी त्याच पथारीवर रात्र काढून म्हार्दोळ, मंगेशी, कवळे येथे कुलदेवतेच्या दर्शनास पोहोचत.

नव्या जहाजाचे प्रवासी आदल्या दिवशीच मुंबईत येऊन उतरतात. जहाज सुटेपर्यंतचा वेळ कसा घालवावा, असा प्रश्न आम्हांस अनेकदा विचारला जातो. मुलांना घेऊन राणीच्या बागेत जावे, वस्तुसंग्रहालय पाहावे, हे सांगण्यास आमची गरज नाही. आम्ही सांगतो ते दोन ठिकाणांविषयी. त्यांतले एक देवालय, दुसरे ख्रिस्ती प्रार्थनामंदिर. मंदिराच्या यात्रेकरूस चर्चचा पत्ता का द्यावा, असे कोणी विचारील. पण दोन्हींमध्ये एकाच मनुष्याचे पाऊल पडलेले आहे, आणि तो मनुष्य आपल्याच ज्ञातीचा.

बॅलार्ड पिअरपासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर, किल्ल्याच्या जुन्या भागात, सेंट थॉमसचे चर्च उभे आहे. अर्धवट राहून कित्येक वर्षे तसेच पडलेले हे बांधकाम गव्हर्नर चार्ल्स बून याच्या कारकीर्दीत पुरे झाले आणि 1718 च्या नाताळच्या दिवशी त्याचे उद्घाटन झाले. त्या समारंभास रामा कामती हा शेणवी व्यापारी आपल्या ज्ञातिबांधवांसह हजर होता. तो कंपनीचा जुना विश्वासू माणूस, मोठा धनिक, शिवाय कंपनीच्या पदरच्या एतद्देशीय शिपायांचा नायक. गव्हर्नराच्या उत्सवास त्याने जाणे स्वाभाविकच होते. तीन वर्षांपूर्वी, 1715 मध्ये, याच गृहस्थाने मलबार टेकडीच्या टोकाशी वाळकेश्वराचे देऊळ पुन्हा उभारले होते. पोर्तुगीज अमदानीत मूळचे देवालय नाहीसे झाले होते. बाणगंगेचे कुंड तेवढे शिलाहारांच्या काळाची आठवण धरून राहिले होते. आपल्या देवांनी सोळाव्या शतकात जो वनवास भोगला तो वाचकांस ठाऊक आहे. मंगेश कुशस्थळीहून प्रियोळास गेला, शांतादुर्गा केळोशीहून कवळ्यास आली. तेव्हा भ्रष्ट झालेले देवस्थान त्याच जागी पुन्हा उभे करणाऱ्याविषयी आम्हांस विशेष ममत्व वाटले तर नवल नाही.

पण त्या नाताळच्या सुमारास गव्हर्नराच्या मनात दुसराच सल होता. त्याच 1718 साली खांदेरीवर चढाई करून कान्होजी आंग्र्यांच्या हातून ते बेट हिसकावण्याचा त्याचा बेत साफ फसला होता. त्याच्या आदल्या वर्षी विजयदुर्गापुढेही हात टेकावे लागले होते. पराभवानंतर आपल्या चुका शोधण्यापेक्षा घरभेद्या शोधणे सोपे असते. संशय रामा कामतीवर आला. त्याने आंग्र्यांशी पत्रव्यवहार करून कंपनीचे बेत फोडले, या आरोपावरून 1720 साली त्याच्यावर राजद्रोहाचा खटला झाला.

आम्ही व्यवसायाने वकील. म्हणून या खटल्याकडे आम्ही जरा अधिक काळ पाहत राहतो. फिर्यादी कंपनी, न्यायासनही कंपनीचेच. पुरावा म्हणजे काही पत्रे आणि आरोपीच्या पदरच्या माणसाची साक्ष. ही साक्ष कशी मिळविली, तर त्याच्या अंगठ्यांवर लोखंडी पेच आवळून! असा कबुलीजबाब आज कोणत्याही तालुक्याच्या न्यायालयात मुलाहिजा न ठेवता फेटाळला जाईल. त्या दिवशी तो पुरेसा ठरला. रामा कामतीची मालमत्ता जप्त झाली, त्याला कैदेत टाकण्यात आले, आणि 1728 साली तो कैदेतच वारला. ती पत्रे बनावट होती, हे पुढे उघडकीस आले. त्याचा त्यास काय उपयोग?

कोणी म्हणेल, त्याने आंग्र्यांशी खरोखरच संधान बांधले असते तर आज आपण त्याला देशभक्त म्हटले असते. आम्हांस हा युक्तिवाद रुचत नाही. ज्याने केले नाही त्याचे श्रेय त्याच्या गळ्यात बांधणे, हा त्याच्यावर दुसऱ्यांदा झालेला अन्यायच होय. तो कंपनीचा इमानी नोकर होता आणि देवाचाही. दोन्ही निष्ठा एका मनुष्यात नांदू शकतात हे बूनसाहेबाला उमगले नाही आणि आपल्यालाही ते सहजी उमगत नाही.

बाणगंगेस जावयाचे तर सकाळी जावे. पायऱ्यांवर श्राद्धादी विधी चाललेले असतात, बदके पोहत असतात, आणि कुंडाभोवतीच्या अरुंद गल्लीत कवळे मठाची शाखा आहे. कुंडाची व्यवस्था गौड सारस्वत ब्राह्मण देवस्थानाच्या विश्वस्तांकडे आहे. मुलांना बाणाची कथा जरूर सांगावी: सीतेच्या शोधार्थ निघालेल्या रामाला तहान लागली आणि बाणाने येथे पाणी काढले. देवळाच्या पायरीशी मात्र दुसऱ्या रामाचीही गोष्ट सांगावी.

मग बंदरावर यावे. जहाज सुटून दक्षिणेस वळले की खेळ, संगीत, उपाहारगृह सारे एकदम सुरू होते आणि कठड्यापाशी फारसे कोणी उरत नाही. त्या वेळी मुलांना घेऊन डाव्या अंगास उभे राहावे. थळच्या समोर समुद्रात खांदेरीचे बेट आहे. त्यावरील दीपस्तंभ 1867 चा. किल्ला शिवाजी महाराजांच्या वेळचा, आणि 2025 साली जागतिक वारशाच्या यादीत दाखल झालेल्या मराठा दुर्गांपैकी एक. पुढे रात्री अंधारात विजयदुर्गही मागे पडतो. तो दिसत नाही, पण मुले जागी असली तर नाव सांगावे.