नक्कल आणि बनावट
२००५ साली इटलीतील इव्रेआ येथील इंटरॅक्शन डिझाइन संस्थेत आर्डुइनो जन्मला. त्याचा पाया तेथीलच विद्यार्थी एर्नांदो बारागान यांच्या ‘वायरिंग’ या प्रकल्पात होता. हे श्रेय फार क्वचित दिले जाते. आराखडे खुले, नाव तेवढे राखीव. म्हणून दिल्लीच्या लाजपतराय मार्केटात वा बेंगळुरूच्या एस. पी. रोडवर मिळणारा बिननावाचा बोर्ड चोरीचा नव्हे. मूळ नाव छापून विकलेला मात्र बनावटच. नकलेवर यूएसबीसाठी बहुधा सीएच३४० ही स्वस्त चिप असते. २०१४मध्ये एफटीडीआयच्या ड्रायव्हरने आपल्या चिपच्या बनावट प्रतींचा ओळखक्रमांक शून्य केला आणि अजाण ग्राहकांचे बोर्ड मुके झाले. शिक्षा भलत्यालाच! नकली नॅनोवर प्रोग्रॅम चढत नसेल, तर ‘ओल्ड बूटलोडर’ निवडून पाहावे: जुना ५७,६०० बॉडने बोलतो, नवा १,१५,२०० ने.