कॉन्टेसा, जीटीओ आणि आमचे काका

मंडळी, या वीकेंडच्या लेखाला कारणीभूत आहेत आमचे मोठे काका. दिवाळीत गोंदियाला गेलो होतो. जेवणं झाल्यावर ओट्यावर बसून गप्पा चालल्या होत्या, आणि मी (नेहमीप्रमाणे गरज नसताना) म्हणालो की आजकालची साधी फॅमिली सेडानसुद्धा जुन्या अमेरिकन मसल कारला मागे टाकते. काका सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला.

"का सांगून रायला बे तू मले? कॉन्टेसाच्या म्होरं तुया डब्ब्या टिकतीन का?"

हे सांगायला हवं की काकांनी गोंदियातल्या एका राइस मिलच्या मालकाकडे बरीच वर्षं ड्रायव्हरकी केली. गाडी होती पांढरी कॉन्टेसा. काकांच्या मते ती अमेरिकन गाडी. नाक लांब, बॉनेटवर दोन माणसं झोपतील एवढी जागा, आणि रेल्वे फाटकावर उभी राहिली की लोक वळून बघायचे. गोरेगाववरून कोहमारा, तिथून एनएच ६ (आता त्याचा नंबर ५३ झालाय), मग सौंदड, साकोली, लाखनी, भंडारा करत नागपूर. त्या काळच्या दुपदरी रस्त्यावर काकांना कुणी ओव्हरटेक केलं नाही, असा त्यांचा दावा आहे. त्यावर चर्चा होत नाही.

मी पुण्याला परत आलो आणि दोन रविवार या विषयात घातले. निघालं ते असं.

आधी मूळ मसल कार. पहिली खरी मसल कार कुठली यावर भांडणं आहेत, पण बहुतेक जण १९६४ च्या पॉन्टियाक जीटीओचं नाव घेतात. तिच्या जन्माची गोष्ट आपल्या आयटीवाल्यांना फार आवडेल. जनरल मोटर्सचा एक अंतर्गत नियम होता: मध्यम आकाराच्या गाडीत ३३० क्युबिक इंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. पॉन्टियाकचा चीफ इंजिनिअर होता जॉन डीलोरियन. त्याने आणि त्याच्या टीमने नियम नीट वाचला, आणि त्यांच्या लक्षात आलं की हा नियम नव्या मॉडेलला आहे, ऑप्शनला नाही! मग त्यांनी टेम्पेस्ट ल मान्स या साध्यासुध्या गाडीवर एक 'ऑप्शन पॅकेज' काढलं. त्यात ३८९ क्युबिक इंचांचं, म्हणजे ६.४ लिटरचं व्ही-८ इंजिन होतं, कागदावर ३२५ हॉर्सपॉवरचं. पॅकेजला जीटीओ हे नाव दिलं, तेसुद्धा फेरारीच्या गाडीवरून उचललेलं. पाचेक हजार खपतील असा अंदाज होता. पहिल्याच वर्षी ३२,४५० खपल्या. रिक्वायरमेंट डॉक्युमेंटमधल्या पळवाटेतून काढलेलं फीचर प्रॉडक्टपेक्षा हिट झालं म्हणा ना.

मार्च १९६४ च्या 'कार अँड ड्रायव्हर' मासिकाने या जीटीओची फेरारी जीटीओशी तुलना छापली. शून्य ते ६० मैल (म्हणजे साधारण ९७ किमी) फक्त ४.६ सेकंदांत! त्या आकड्यावर एक अख्खी पिढी वाढली. गंमत म्हणजे दोन्ही गाड्या एकमेकींसमोर कधी पळाल्याच नव्हत्या. आणि पॉन्टियाकची जाहिरात सांभाळणाऱ्या जिम वँगर्सनी बऱ्याच वर्षांनी कबूल केलं की चाचणीला दिलेल्या गाडीत ३८९ नव्हे, त्याहून मोठं ४२१ चं इंजिन बसवलेलं होतं. म्हणजे डेमोला वेगळा सर्व्हर आणि क्लायंटला वेगळा. हे आपल्यापैकी कुणालाच नवीन नाही.

त्याच वर्षी 'मोटर ट्रेंड'ने जीटीओ तपासली, तेव्हा ६० मैलांना ७.७ सेकंद लागले. हा आकडा लक्षात ठेवा.

आता ३२५ हॉर्सपॉवरचं. तेव्हा अमेरिकेत ताकद 'ग्रॉस' मोजायचे. इंजिन गाडीबाहेर स्टँडवर ठेवायचं, एअर फिल्टर नाही, सायलेन्सर नाही, अल्टरनेटरचा भार नाही, आणि सुरू करायचं. हे म्हणजे कापायच्या आधीचा सीटीसी सांगण्यासारखं. १९७२ च्या मॉडेल्सपासून अमेरिकन कंपन्या 'नेट' आकडा देऊ लागल्या, म्हणजे इन-हँड! १९७१ ला शेव्हरोलेने दोन्ही आकडे दिले होते, त्यामुळे फरक थेट दिसतो: कॉर्व्हेटच्या एलटी-१ इंजिनाचे ग्रॉस ३३० आणि नेट २७५. तेच इंजिन, तोच लोखंडाचा गोळा.

पुढे प्रदूषणाचा १९७० चा कायदा, तरुण मुलांच्या गाड्यांवर विम्याचे वाढलेले हप्ते आणि ऑक्टोबर १९७३ चं तेलसंकट, या तिन्हींनी मिळून मसल कारचा बाजार उठवला. शेवटची जुनी जीटीओ १९७४ ची, २०० हॉर्सपॉवरची. असो.

पण काकांच्या गाडीचं काय? तिच्याकडे यायचं तर वाटेत मुंबई लागते.

आज सांगून खरं वाटत नाही, पण एके काळी मुंबई हे अमेरिकन गाड्या जोडणारं शहर होतं. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला जोडणीचा कारखाना काढला. फोर्डही मुंबईत होती. १९४४ मध्ये वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली आणि क्रायस्लरशी करार करून कुर्ल्याला डॉज, प्लिमथ, डिसोटो जोडायला घेतल्या. जुन्या हिंदी सिनेमात जिन्यासमोर येऊन थांबणाऱ्या त्या अवाढव्य गाड्या आठवा. मला वाटायचं त्यांच्यात व्ही-८ असणार. कसलं काय! १९५० च्या आसपासच्या प्लिमथमध्ये ३.६ लिटरचं सहा सिलेंडरी साइड-व्हॉल्व्ह इंजिन होतं, ९७ हॉर्सपॉवरचं, आणि तेही ग्रॉस. ऐट अमेरिकन, चाल सरकारी.

१९५३ च्या टॅरिफ कमिशनने म्हटलं की नुसत्या जोडणाऱ्या नकोत, सुटे भाग इथे बनवणाऱ्याच कंपन्या हव्यात. फोर्ड आणि जनरल मोटर्स गाशा गुंडाळून गेल्या. प्रीमियर फियाट ११०० कडे वळली, जिची पुढे पद्मिनी झाली. हिंदुस्तान मोटर्सकडे अँबॅसडर. पुढची तीस वर्षं आपल्या देशात 'गाडी' म्हणजे या दोघींपैकी एक (स्टँडर्डवाल्यांनो, रागावू नका).

आणि मग १९८४ मध्ये हिंदुस्तान मोटर्सने कॉन्टेसा काढली. तो साचा होता इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल कंपनीच्या सत्तरच्या दशकातल्या व्हिक्टर-व्हीएक्स गाडीचा. तिकडे ती बंद झाली, साचे इकडे आले. आता व्हॉक्सहॉल ही १९२५ पासून कुणाची? जनरल मोटर्सची! म्हणजे आमचे काका अगदीच चुकत नव्हते. कॉन्टेसाची ती कंबरेत दबलेली, मागे फुगलेली बाजू डेट्रॉईटच्याच फॅशनची होती. चेहरा पॉन्टियाकच्या चुलत घराण्यातला.

पण बॉनेट उघडलं की आत अँबॅसडरचं १,४८९ सीसीचं इंजिन. पन्नासेक हॉर्सपॉवर! गाडीचं वजन साधारण १,२०० किलो. टनाला ४२ च्या आसपास. पैलवानाच्या अंगात कारकुनाचं काळीज. पुढे इसुझूचं १.८ लिटरचं, ८८ हॉर्सपॉवरचं पेट्रोल इंजिन आलं, 'कॉन्टेसा क्लासिक' झाली, आणि टनाला ७३ पर्यंत मजल गेली. काकांची गाडी ही क्लासिक होती आणि त्या काळच्या ट्रक-अँबॅसडरच्या गर्दीत ती खरोखरच राजा असणार, यात शंका नाही. डीलोरियनला नियम मोडायला एका कॉर्पोरेशनमधलं डोकं पुरलं. आपल्याकडे नवं मॉडेल काढायचं, जास्त गाड्या काढायच्या, परदेशी इंजिन आणायचं, सगळ्याला दिल्लीचा कागद लागायचा. तेव्हा गाडी बाहेरून बदलली आणि आतून जमेल तेव्हा जमेल तेवढी.

मोटार उद्योगाचं लायसन्स १९९३ मध्ये गेलं आणि लगेच रांग लागली. महाराष्ट्रातच बघा, कल्याणला प्यूजो ३०९, नाशिकला महिंद्रासोबत फोर्ड एस्कॉर्ट, २००१ मध्ये औरंगाबादला (आता छत्रपती संभाजीनगर) स्कोडा ऑक्टाव्हिया. पण कॉन्टेसाचा खरा निकाल १९९८ मध्ये लागला. त्या वर्षी होंडा सिटी आली. दीड लिटर, १०० हॉर्सपॉवर, वजन टनाच्या आसपास. म्हणजे टनाला शंभरच्या जवळ! लोक तिला 'इम्पोर्टेड' म्हणायचे. प्रत्यक्षात ती नोएडाजवळ बनायची, आयात झालं होतं ते डोकं. त्याच वर्षी मित्सुबिशी लान्सर आली, आणि ती कोण बनवत होतं? चेन्नईजवळ तिरुवल्लूरला, खुद्द हिंदुस्तान मोटर्स! कॉन्टेसाला मारणाऱ्यांत तिच्या घरचेच होते. २००२ मध्ये कॉन्टेसा बंद झाली.

लहान इंजिनात एवढी ताकद आली कुठून? उत्तर थोडं आपल्या धंद्यातलं आहे. इंजिनाची ताकद म्हणजे सेकंदाला किती हवा-पेट्रोल नीट जाळता, एवढंच. अमेरिकनांनी सोपा मार्ग घेतला: भांडंच मोठं करा. जपान्यांनी भांडं लहान ठेवलं आणि आच नेमकी केली. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलचं प्रमाण पितळी जेटच्या भोकावर ठरतं. हिवाळा असो, घाट असो, भोक तेच. इंजेक्शनच्या गाडीत छोटा कॉम्प्युटर हवा, तापमान, सायलेन्सरमधला उरलेला ऑक्सिजन वाचून दर स्फोटाला हिशोब नव्याने करतो. इंजिन 'नॉक' करू लागलं की सेन्सर ऐकतो आणि ठिणगी किंचित मागे घेतो. जुन्या व्ही-८ ला ती सोय नव्हती, म्हणून तिला भारी ऑक्टेनचं शिसेयुक्त पेट्रोल पाजावं लागायचं. थोडक्यात, व्ही-८ ला हरवलं ते एका लुकअप टेबलने.

आता तो ७.७ सेकंदांचा आकडा काढा. २०२० मध्ये स्कोडाने ऑक्टाव्हिया आरएस २४५ च्या २०० गाड्या भारतात पूर्ण तयार आणून विकल्या, म्हणजे शब्दशः इम्पोर्टेड सेडान. दोन लिटर, टर्बो, २४५ हॉर्सपॉवर (नेट!), आणि कंपनीच्या म्हणण्यानुसार शून्य ते शंभर ६.६ सेकंदांत. मागे डिकीत चार बॅगा, आत एसी चालू. इंजिन जीटीओच्या एक तृतीयांशाहून लहान. शिवाय ही गाडी थांबते. १९६४ च्या जीटीओला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. एवढी ताकद आणि ड्रम ब्रेक! मला तर कोहमारा-साकोली पट्ट्यात ती चालवायची कल्पनाच करवत नाही, तिथे जंगलातून कधी रानडुक्कर आडवं येईल सांगता येत नाही. अर्थात खास बांधणीच्या नंतरच्या मसल कार, १९७० ची ४५४ ची शेव्हेल किंवा हेमी कुडा, यांना सरळ रेषेत ऑक्टाव्हिया सहज मागे टाकेल असं मी म्हणणार नाही. वळण आलं की बघू.

हे सगळं, एक्सेल शीटसकट, मी संक्रांतीला काकांसमोर मांडलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. टनाला किती हॉर्सपॉवर वगैरेवर मान डोलावली. मग म्हणाले, "सिटी पयली आली तवा मालकाच्या पोरानं मले चाबी देल्लीच नाई."

मला ही गोष्ट माहीत नव्हती. कॉन्टेसाचं स्टिअरिंग जड, क्लच जड, सकाळी सुरू करायला चोक किती ओढायचा ते हाताला कळलं पाहिजे. थंडीत एक, पावसाळ्यात वेगळा. ते काकांना कळायचं, मालकाला नाही. सिटी किल्ली फिरवली की सुरू. मालकाचा मुलगा स्वतःच नागपूरला जाऊ लागला. काका काही महिने कॉन्टेसा नुसती पुसत राहिले, मग मिलच्या ट्रकवर गेले, तांदळाची पोती घेऊन रायपूर, नागपूर. निवृत्त होईपर्यंत ट्रकच.

दुसऱ्या दिवशी मला नागपूरहून पुण्याची गाडी पकडायची होती. माझी होंडा सिटी आहे, सेकंडहँड, घरीच असते. काका सोडायला निघाले. गोरेगाव सोडल्यावर मी म्हटलं, तुम्हीच चालवा. आधी नाही नाही म्हणाले, मग बसले. सीट मागे केली, आरसा नीट केला, दोन्ही हात स्टिअरिंगवर, ट्रकवाले धरतात तसे. कोहमाऱ्याला हायवेला लागलो. मी फोनवर काहीतरी बघत होतो. सौंदडच्या पुढे काकांनी एकदम पाय काढला.

"का झालं?"

"एकशेदहा!" ते स्पीडोमीटरकडे बघत म्हणाले. "आवाजच नाई आला बे."

साकोलीला चहाला थांबलो. चहा झाल्यावर त्यांनी किल्ली माझ्याकडे दिली, आणि मग परत मागून घेतली.