आचारी आणि आचार्य

नवी मुंबईत पाम बीच रस्त्याने जाताना सीवूड्सच्या बाजूला करावे गाव लागते. उंच इमारतींच्या मध्ये उरलेले जुने गावठाण. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि पुढे शेती गेली. त्याआधीच्या दिवसांच्या आठवणी तिथल्या एका मंडळाने १९९८ साली म्हाताऱ्या माणसांकडून ऐकून स्मरणिकेत छापल्या होत्या. सांगणारी बहुतेक माणसे आता नाहीत. छापील प्रती वाळवीने खाल्ल्या, सीडी मात्र शाबूत राहिली.

माझा मित्र ती सीडी घेऊन आला. फाइल उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरे, कंस आणि टिंबे यांची खिचडी. "व्हायरस का रे?" मित्राने विचारले. व्हायरस नव्हता. मजकूर जागच्या जागी होता, हरवला होता तो फाँट.

संगणक अक्षर साठवत नाही, आकडा साठवतो. कोणता आकडा म्हणजे कोणते अक्षर, हे आधी ठरवावे लागते. १९६३ साली अमेरिकेत 'आस्की' ठरली. तिच्यात १२८ जागा, आणि मराठीला त्यांत एकही नाही. आपल्याकडे कानपूरच्या आयआयटीत भारतीय लिप्यांवर काम झाले, ते पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढवले, आणि १९९१ साली 'इस्की' हे राष्ट्रीय मानक झाले. त्यात आकडा होता तो अक्षराला, त्याच्या आकाराला नव्हे. विचार पक्का होता. पण छापखान्याला उद्या सकाळी पत्रिका द्यायची असते. विंडोज आल्यावर कंपन्यांनी सोपी वाट धरली. काना, वेलांटी, अर्धी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवली, आणि ज्याची त्याची बैठक वेगळी. 'कृतिदेव' फाँटात 'मराठी' लिहा, फाइलीत साठतात ई, जे, के, बी, एच ही इंग्रजी अक्षरे! छापखानेवाल्यांना मी दोष देत नाही. वीस वर्षांनी ही फाइल कोण उघडणार, असे त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

१९९१ सालीच युनिकोड आले. त्यातली देवनागरी इस्कीवरच बेतलेली. विंडोज २००० पासून ती घरच्या संगणकावर उतरली, आणि जुना मजकूर नव्यात आणणाऱ्या कन्व्हर्टरांची गरज पडली. मायक्रोसॉफ्टने एक दिला, सी-डॅकने दिला. फायरफॉक्सला जोडायचे 'पद्मा' तर जुन्या फाँटातली संकेतस्थळे वाचता वाचताच युनिकोडमध्ये बदलून दाखवी. (२०१७ साली फायरफॉक्सने जुन्या धर्तीच्या जोडण्याच बंद केल्या.)

काम वाटते तितके सरळ नाही. 'वार्षिक' हा शब्द घ्या. जुन्या फाइलीत आधी पहिली वेलांटी, मग 'ष', मग डोक्यावरचा रफार, म्हणजे डोळ्यांना दिसतो तसा क्रम. युनिकोडला हवा उच्चाराचा क्रम. आधी 'र', मग 'ष', शेवटी वेलांटी. नुसते कोष्टक लावून चालत नाही, शब्द मोडून पुन्हा जुळवावा लागतो.

आणि मराठीची खास अडचण म्हणजे 'ऱ्या'. हिंदीला तो लागत नाही, म्हणून हिंदीसाठी बनवलेल्या कोष्टकांत त्याची आठवण कोणी ठेवत नाही. त्याचा सरळ रफार होतो. आमच्या स्मरणिकेत लग्नाचा भात रांधायला गावाने चक्क 'आचार्यांना' बोलावले होते! खाडीतल्या चिंबोऱ्यांच्या 'चिंबोर्या' झाल्या. पुन्हा 'ऱ्या' युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. दिसायला सारखाच, पण शोधताना एक सापडतो आणि दुसरा नाही.

शेवटी मित्राने मजकूर मोठ्याने वाचला आणि त्याच्या आत्याने ऐकला. गावातल्या बोलीतले कितीतरी शब्द कन्व्हर्टरने बिघडवले होते की मुळातच तसे होते, हे तिच्याशिवाय कोण सांगणार? "चिंबोर्या काय रे? नीट वाच," ती म्हणाली. दोन रात्री लागल्या. दुरुस्त फाइल मित्राने चार ठिकाणी साठवली. एक प्रत कागदावर काढून आत्याच्या कपाटात ठेवली, या वेळी डांबराच्या गोळ्या घालून.