मराठी ख्रिस्ती उपासनेतील समूहगान

ख्रिस्ती उपासनेत समूहगान म्हणजे जमलेल्या सर्वांनी एका सुरात केलेली प्रार्थना. दुसऱ्या शतकाच्या आरंभी रोमन अधिकारी प्लिनी याने सम्राट ट्राजानला लिहिलेल्या पत्रात, ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने स्तोत्र गातात, असा उल्लेख आहे. मध्ययुगीन युरोपात हे गायन मुख्यतः लॅटिन जाणणाऱ्या धर्मगुरूंकडे आणि गायकवृंदाकडे गेले. १५२४ मध्ये मार्टिन ल्यूथरच्या जर्मन गीतांची पहिली पुस्तके छापली गेली, तेव्हा लोकभाषेतील गाणे पुन्हा मंडळीच्या तोंडी आले. मंडळीने कोणत्या छंदात आणि कोणत्या चालीवर गावे, हा प्रश्न मराठी मुलखातही उभा राहिला.

त्याचे पहिले मोठे उत्तर गोव्यात मिळाले. इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. आपली जुनी पुराणे सोडलेल्या नवख्रिस्ती लोकांना त्यांच्या जागी वाचायला-ऐकायला काहीतरी हवे होते. त्यासाठी स्टीफन्स यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ मध्ये रोमन लिपीत छापले गेले आणि चर्चमधून त्याचे वाचन-गायन होऊ लागले. ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले असतात आणि चौथा आखूड असतो. ही घडण जात्यावर आणि पुराणश्रवणात लोकांच्या कानी बसलेली होती. मात्र १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढले आणि या परंपरेचा आधार खचला.

प्रोटेस्टंट मंडळींचा इतिहास वेगळ्या वाटेने गेला. अमेरिकन मराठी मिशनचे काम १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये अहमदनगरला सुरू झाले. मिशनरींनी आपली गीते मराठीत आणली, पण चाली पाश्चात्त्यच ठेवल्या. तिथे खरी अडचण निघाली. इंग्रजी गीताची चाल शब्दातील आघातावर चालते, तर मराठी वृत्त लघु-गुरूंवर किंवा अक्षरसंख्येवर. परकी चाल मराठी शब्दांवर बसवली की ऱ्हस्व अक्षर लांबते, दीर्घ अक्षर आखडते आणि ओळीचा अर्थ कानाला चटकन लागत नाही. शिवाय खेड्यांतील नव्या मंडळीत अनेकांना अक्षरओळख नव्हती, त्यामुळे हातातल्या पुस्तकाचा त्यांना उपयोग नव्हता.

संतकाव्यातील मोठ्या अभंगाच्या छंदाने ही अडचण दूर होते. त्याचे पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाच्या शेवटी यमक जुळते. एकाने ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी धृपद उचलायचे, ही भजनातील रीत सर्वांच्या अंगवळणी पडलेली होती. पुस्तक नसले तरी दोन-चार आवर्तनांत गीत पाठ होई. अहमदनगरचे कवी कृष्णा रत्नाजी सांगळे यांनी देशी चालींवर ख्रिस्ती गीते रचली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ख्रिस्ती कीर्तनही रुजले. बायबलमधील कथा सांगताना मधूनमधून साकी, दिंडी, पदे येत आणि झांज-मृदंगाच्या साथीने श्रोते धृपदात सामील होत.

या प्रवाहाला सर्वांत मोठे बळ दिले ते नारायण वामन टिळक यांनी. कोकणात १८६१ मध्ये जन्मलेल्या टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अहमदनगरला मिशनचे काम केले. तुकारामांच्या अभंगांवर वाढलेले त्यांचे मन ख्रिस्ताविषयीची भक्तीही त्याच भाषेत बोलू लागले. देवाला माऊली म्हणणे, त्याच्या भेटीची तळमळ, आपल्या उणेपणाची कबुली हे संतांच्या वाणीतील भाव त्यांच्या गीतांतून थेट रविवारच्या उपासनेत आले. ‘अभंगांजली’ हा त्यांचा संग्रह याच वळणाचा आहे. त्यांनी स्वतः कीर्तनेही केली. १९१९ मध्ये ते वारले, तोवर त्यांची गीते मंडळ्यांच्या नित्य उपासनेचा भाग झाली होती.

मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकात टिळकांच्या रचनांना मोठे स्थान आहे. त्यात देशी भजने आणि पाश्चात्त्य चालींची गीते शेजारीशेजारी नांदतात. अनेक चर्चमध्ये पेटी-तबल्याबरोबर ऑर्गन किंवा कीबोर्डही वाजतो. कॅथलिक मंडळींत उपासना लोकभाषेत होण्याचा बदल उशिरा आला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेत लोकभाषेला वाट मोकळी करून दिली आणि त्यानंतर वसईसारख्या भागांतील मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, मराठीत होऊ लागली. मिस्सेतील उत्तरे आणि गीते लॅटिन न जाणणाऱ्या भाविकांनाही समजून म्हणता येऊ लागली.

चारशे वर्षांच्या या प्रवासात समूहगान म्हणजे सर्वांची प्रार्थना हा सिद्धान्त तोच राहिला. बदलली ती मंडळीच्या सहभागाची शक्यता. गीताची भाषा, छंद आणि चाल लोकांच्या ओळखीची झाली, तेव्हाच सर्वांचा आवाज उपासनेत उतरला.