अडुळसा

अडुळसा : (सं. वासा, वासक, आटरूषक, लॅ. जस्टिसिया अधाटोडा, जुने नाव अधाटोडा व्हॅसिका, कुल ॲकँथेसी). खोकला, दमा व कफविकारांवर वापरले जाणारे सदाहरित झुडूप. सातारा व सांगली जिल्ह्यांत बांधावर, परसात व कुंपणाला आढळते. पाने भाल्यासारखी व कडू असल्याने शेळ्या तोंड लावत नाहीत. फुले पांढरी, दोन ओठांची, आत जांभळट रेषा.

लागवड : छाट कलमांनी.

रस व कल्प : ताजी पाने नुसती कुटून रस फार थोडा सुटतो, म्हणून अडुळशाच्या औषधात रस काढण्याची रीत सर्वांत महत्त्वाची. शार्ङ्गधरसंहितेतील पुटपाक पद्धतीत वाटलेल्या पानांचा गोळा मोठ्या पानांत गुंडाळून वर मातीचा लेप देतात. विस्तवात लेप लालसर होईपर्यंत भाजतात व गोळा गरम असतानाच पिळतात. घरी पाने वाफवून किंवा तव्यावर शेकून हेच काम भागवतात. रस मधाबरोबर घेतात. काढ्यात ज्येष्ठमध, बेहडा, सुंठ, पिंपळी घालतात. ताज्या रसाची प्रौढ मात्रा १० ते २० मिलि. वासावलेह, वासारिष्ट व वासाघृत हे प्रसिद्ध कल्प.

रासायनिक घटक : डेव्हिड हूपर यांनी १८८८ मध्ये पानांतून व्हॅसिसीन हे अल्कलॉइड वेगळे केले. ते श्वासनलिका सैल करते. त्याच्या संरचनेवरून ब्रोमहेक्सीन तयार झाले व १९६३ मध्ये बाजारात आले. ॲम्ब्रॉक्सॉल हे त्याचेच शरीरात बनणारे रूप. दोन्ही औषधे घट्ट कफ पातळ करतात. खोकल्याच्या अनेक आधुनिक औषधांचे मूळ असे या कुंपणाच्या झुडपात आहे. व्हॅसिसिनोन या दुसऱ्या घटकाच्या श्वासनलिकेवरील परिणामाबाबत प्रयोगांचे निष्कर्ष जुळत नाहीत.

सातारा-सांगली : साताऱ्यात आर्यांग्ल वैद्यक महाविद्यालय व आयुर्वेदीय अर्कशाळा या वैद्यकातील जुन्या संस्था आहेत. क्षयरुग्णांसाठी डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी पाचगणीत १९१२ मध्ये बेल-एअर आरोग्यधाम काढले. मिरजेजवळ वॉनलेसवाडीतही असे आरोग्यधाम उभे राहिले. त्या काळी क्षयाचे जंतू मारणारे औषध नव्हते. विश्रांती, हवा व आहार यांवरच भिस्त होती. आयुर्वेदाने क्षयातही अडुळसा सांगितला आहे. 

उपयोगाची मर्यादा : अडुळसा कफ सुटण्यास मदत करतो, न्यूमोनिया वा क्षयावरील जंतुनाशक उपचारांची जागा घेत नाही. धाप लागणे, थुंकीतून रक्त पडणे किंवा दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास रुग्णालयात तपासणी करावी. काढ्यावर दिवस काढू नयेत. व्हॅसिसीनने गर्भाशय आकुंचन पावत असल्याने गर्भवतींना अडुळसा वर्ज्य.