शेवटचा रकाना

सर्वपित्री अमावास्येला भटजी तीन पिढ्यांची नावे विचारतात: पिता, पितामह, प्रपितामह. पहिली दोन मी खणखणीत सांगतो. तिसऱ्या नावाशी आलो की आमच्या घरातली माणसे एकमेकांकडे पाहू लागतात. नाव ठाऊक नाही असे नव्हे. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर ते स्वच्छ लिहिलेले आहे. पण हा माणूस वारला, की नुसताच निघून गेला, हे कोणालाच सांगता येत नव्हते.

आमचे गाव जयगडच्या खाडीकाठी. पणजोबा आगबोटीवर खलाशी. महायुद्ध पेटले त्या १९१४ सालची दिवाळी करून ते मुंबईस गेले आणि परत आले नाहीत. आजोबा तेव्हा दोन वर्षांचे होते. पुढे गावात दोन कथा झाल्या. एक, बोट बुडाली. दुसरी, त्यांनी विलायतेत दुसरे घर केले. पणजीने दुसरी कथा धरून ठेवली. वाचकांना नवल वाटेल, पण त्या कथेत नवरा जिवंत होता! बारा वर्षे उलटल्यावर भाऊबंदांनी पालाशविधी करायचे ठरवले. पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, म्हणजे बेपत्ता माणसाचे क्रियाकर्म झाले. पणजी म्हणाली, "पाने जाळून माणूस मरतो काय?" तिने कुंकू पुसले नाही. जुन्या रीतीप्रमाणे नवऱ्याचे नावही कधी घेतले नाही. 'हे' म्हणत असे, तेवढेच. तेव्हा ज्या नावाचा मी शोध घेतला, ते आमच्या घरात फारसे कोणी उच्चारलेलेच नव्हते.

वडील गेले आणि तर्पणाचा तांब्या माझ्या हाती आला, तेव्हा मी शोधाला लागलो. इंग्रजी माझे मॅट्रिकपुरते. सुट्टी पडली की मुंबईस जायचे आणि एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात सागरी खात्याची बाडे उपसायची, हा क्रम काही काळ चालला. मुंबई सरकारचे हे दफ्तर १८२१ सालापासूनचे. त्यात बंदरे भेटतात, दीपगृहे भेटतात, कप्तानांच्या तक्रारी तर पुष्कळ भेटतात. खलाशी मात्र भेटतो तो बहुधा आकड्यात. 'इतके खलाशी' म्हटले की कारकुनाचे काम झाले.

नावे होती ती जहाजांच्या कागदांत. १८३५ च्या कायद्याने ब्रिटिश जहाजांवर माणसांची यादी ठेवणे सक्तीचे झाले. कोण चढला, कोणत्या कामावर, कोठे उतरला, सगळे त्या यादीत. पुढे या कागदांचा एवढा डोंगर झाला की तो सांभाळणार कोण, हा प्रश्न पडला आणि एकत्र कुटुंबातल्या भांड्यांसारखी त्यांची वाटणी झाली. १८६३ ते १९३८ पर्यंतच्या याद्यांपैकी सुमारे ७० टक्के कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या विद्यापीठात गेल्या, दहावा हिस्सा लंडनजवळच्या क्यू येथे राहिला, आणि ज्या सालाच्या अखेरीस पाचाचा आकडा येतो त्या सालांच्या उरलेल्या याद्या ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयाने घेतल्या. आमचे नशीब असे की १९१५ च्या यादीतली नावे स्वयंसेवकांनी उतरून काढली आहेत आणि ती घरबसल्या पाहता येतात. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला संगणकापुढे बसवले. वर्गात त्याला मी पुष्कळदा बाकावर उभा केला होता. त्याने ते मनात ठेवले नाही.

पण शोधायचे कोणते नाव? पणजोबांच्या नावात 'ळ' आहे. इंग्रज कारकुनाने त्याचा कोठे 'ल' केला, कोठे 'र', कोठे तो गाळूनच टाकला. आडनाव नाही. गावाच्या जागी नुसते 'रत्नागिरी'. वये पाहावीत तर पंचवीस, पंचवीस, तीस, तीस, जणू सगळे कोकण पाचापाचाच्या टप्प्याने जन्मले! मला मात्र त्या कारकुनाचा राग आला नाही. आमच्याही रजिस्टरात निम्म्या गावाचा जन्म एक जूनचा आहे, आणि तो आम्हा मास्तरांनीच घालून दिलेला.

याद्या वाचता वाचता ते जग दिसू लागले. सगळ्यांत वर सारंग, मग टिंडेल, सुकाणी, कोठाराचा कसब, स्वयंपाकाचा भंडारी, झाडलोटीचा टोपस. या सर्वांना मिळून 'लास्कर' म्हणत. फारसी 'लष्कर' या शब्दाचेच ते रूप. १९१४ साली ब्रिटिश बोटींवर असे ५०,००० वर लोक होते. त्यांचा करार वेगळा आणि पगार गोऱ्या खलाशाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास, पुष्कळदा त्याहूनही कमी.

चार माणसे जुळण्यासारखी निघाली. त्यांतल्या एकाच्या बापाचे नाव आमच्या खापरपणजोबांचे होते. वय तीस, काम टिंडेलाचे. त्या पानाची नक्कल मी मागवली. सहीच्या जागी अंगठा होता. यादीतला शेवटचा रकाना जहाज सोडण्याचा. त्यात लिहितात ते शब्द ठरलेले: 'डिस्चार्ज्ड', 'डेझर्टेड' किंवा 'डेड'. म्हणजे उतरला, पळाला, मेला. आमच्या गावच्या दोन्ही कथांना तिथे शब्द तयार होते. आणि लिहिले होते, 'डिस्चार्ज्ड, बॉम्बे', जुलै १९१५.

म्हणजे ते बुडाले नव्हते की विलायतेत राहिले नव्हते. पगार घेऊन ते मुंबईच्या धक्क्यावर उतरले होते, घरापासून आगबोटीच्या एका दिवसावर! दोन दिवस माझे त्या माणसाशी मनातल्या मनात भांडण चालले. समुद्राने नेले असते तर मी क्षमा केली असती.

तिसऱ्या दिवशी शाळेत बसलो असताना बाहेर पाऊस कोसळत होता, आणि एकदम महिना ध्यानात आला. जुलै! कोकणातला माणूस असून मला हे दोन दिवस सुचू नये? पावसाळ्यात किनाऱ्याच्या आगबोटी बंद असत. नारळी पौर्णिमा होईपर्यंत बंदरांत कोण येणार? खुष्कीने जायचे तर कऱ्हाडपर्यंत रेल्वे आणि पुढे भर पावसात कुंभार्ली घाट. मुंबईत राहायचे तर गाववाल्यांच्या खोलीचे भाडे, खानावळ, आणि बोटीवर काम लावून देणाऱ्या घाट-सारंगाचे देणे. महिना-दोन महिन्यांत पगार उडाला असेल आणि पौर्णिमेच्या आतच नवी बोट धरली असेल, असा माझा तर्क आहे. युद्धामुळे माणसे हवीच होती.

त्या युद्धात ३,४२७ लास्कर मेले. ज्यांना समुद्राखेरीज थडगे नाही अशा २,००० वर लोकांचे स्मारक मुंबईत मशीद बंदराच्या खलाशीगृहात आहे. त्या स्मारकाच्या यादीत पणजोबांचे नाव मी शोधले. ते तीनदा सापडले, आणि तिन्ही ठिकाणी बापाचे नाव नाही. पुढे मी गेलो नाही.

नक्कल घेऊन गावी आत्याकडे गेलो. आत्या पंच्याऐंशीची, पणजीच्या कुशीत वाढलेली. तिने कागद खिडकीशी धरला.

"ह्यो कंच्या हाताचा रं?"

"डाव्या असेल, आत्या."

बराच वेळ ती अंगठा पाहत राहिली. मग मी तिला जुलै महिन्याचे सांगितले. तिला त्यात काही विशेष वाटले नाही.

"पुनव झाली की म्हातारी बंदरावर जाऊन बसायची," ती म्हणाली. "पडावातून उतरणारं एकेक माणूस बघायची. पावसात कदी गेली नाय. म्हणायची, आता कंची बोट लागतेय."